पाचव्या प्रश्नाचं उत्तर

६ ऑक्टोबर

धाकट्या,

हे पत्र बसून वाच. मी चिडलेली आहे.

कालचा सामना पाहिला. नेहमीसारखा, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. छापखान्यातल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले याचं आता मला फारसं वाईट वाटत नाही. समालोचकांची बडबड ऐकू येत नाही, त्यामुळे मैदानात काय चाललंय ते तरी दिसतं. दुसऱ्या हाफचं तेरावं मिनिट होतं. चेंडू उंचावरून आला, आपला ढब्बू उडाला, पिवळ्यांचा तो दाढीवाला उडाला आणि दोघांची टाळकी एकमेकांवर आपटली. दाढीवाला कपाळ चोळत उठला. ढब्बू उठला नाही. मी मोजलं. अकरा सेकंद तुझा मुलगा गवतात तोंड खुपसून पडला होता आणि त्याचा उजवा हात कोपरापासून वर, ताठ, नुसता हवेत उभा होता. असा हात कुणी मुद्दाम धरत नाही.

मग ती तुमची चष्मेवाली डॉक्टरीण धावत आली. गुडघ्यावर बसली, काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं, तिने मान हलवली आणि खेळ पुन्हा सुरू. ढब्बू जागेवर गेला आणि आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहिला. कप्तानाने त्याला खांद्याला धरून फिरवलं. प्रेक्षक हसत होते, ते मला स्पष्ट दिसलं. लोक त्याला कौतुकाने छप्पर म्हणतात, वरून येणारं सगळं हाच झेलतो म्हणून. छपरावर किती आदळावं याला काही हिशेब आहे की नाही?

मला त्या बाईचा संशय येतो. क्लबचा पगार घेणारी डॉक्टर क्लबच्या खेळाडूला बाहेर कशी काढेल? पाणी कुठेतरी मुरतंय. तू तिथे सामानखोलीत बसतोस, सगळ्यांचे बूट आणि जर्सी तुझ्या हाताखालून जातात. घरात काय शिजतंय ते मालकाआधी मोलकरणीला कळतं, म्हणून तुला विचारते. ढब्बूला नंतर उलटी झाली का? डोकं दुखतंय का? उजेड सहन होतो का? खरं लिही. फोन करू नकोस, फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने रचते.

तुझा गोषवारा, ठरल्याप्रमाणे: पिवळ्यांशी, आपल्या मैदानावर, १–१ बरोबरी. शेवटचा गोल आपल्या डावखुऱ्याचा, एकाहत्तराव्या मिनिटाला.

उन्हाळ्यात आला तेव्हा ढब्बूने बसून मोडलेली खुर्ची अजून तशीच आहे. हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहितेय, त्याचाही राग यात आला असेल.

ताई

---

९ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. पत्र बसूनच वाचलं. तुझा हुकूम मी अजूनही मोडत नाही हे तुला ठाऊक आहे.

काळजीचं काही कारण नाही. अगं, साधी खोक पडली. दोन टाके. संध्याकाळी घरी आला, पोटभर जेवला, पोरीला पाठीवर घेऊन घोडा-घोडा खेळला. उलटी नाही, काही नाही. हात वर राहिला म्हणतेस, ते पडताना कोपर मुरगळलं होतं म्हणून. चुकीच्या बाजूला तोंड करून उभा राहिला ते गोलरक्षकाला काहीतरी सांगायचं होतं म्हणून. टीव्हीवर सगळं मोठं करून दाखवतात, ताई. इथे माझ्या खोलीत कुणाला काही विशेष वाटलंही नाही.

डॉक्टरीणबाई फार कडक आहेत. मागच्या महिन्यात एका पोराला नुसत्या ठेचेवरून बसवून ठेवलं. त्यांच्याबद्दल मनात काही आणू नकोस. आणि त्यांच्या कामात आपण कशाला पडायचं? मी आपला बरा. चाळीस जोड बूट, त्यांचे खिळे, दोन धुलाई यंत्रं, त्यातलं एक गळतं. पावसाळी मैदानावरचा चिखल तुला काय सांगू, तीन पाण्यांतून काढल्याशिवाय जर्सीचा आकडा दिसत नाही. मी सामना बघतच नाही. प्रेक्षकांच्या बाकांखाली माझी खोली. वर पाय आपटले की गोल झाला, आणि नाही आपटले की पाहुण्यांनी केला, एवढंच माझं फुटबॉलचं ज्ञान.

ढब्बूच्या कराराचं हे शेवटचं वर्ष चांगलं चाललंय. वसंतात नवा करार व्हायचा आहे. एकतीस वर्षांच्या बचावपटूला आजकाल कोण विचारतं? पण कोच म्हणाला, हंगाम नीट पार पडू दे, अजून दोन वर्षं देतो. पोराने एवढी वर्षं घासली, शेवट तरी नीट व्हावा असं मला वाटतं. तुलाही वाटत असेलच. सगळ्यांत जुनी चाहती तूच आहेस त्याची.

यंदा थंडी लवकर पडणार म्हणतात. लोकरीचे मोजे शोधून ठेव. गुडघ्याला ते तेल लावतेस का? पुढच्या सामन्याचा गोषवाराही पाठव, शेवटचा गोल कुणाचा ते आठवणीने लिही. तुझ्या पत्राची सवय झालीये.

तुझा धाकटा

---

१४ ऑक्टोबर

धाकट्या,

तीन पानं लिहिलीस. तुझं पत्र एका पानापलीकडे गेलं असं आयुष्यात फक्त दोनदा झालं. एकदा तू माझी सायकल विहिरीत घातलीस तेव्हा आणि एकदा बाबा गेले ते मला कसं सांगावं हे तुला कळेना तेव्हा. दोन्ही वेळा मोजे, तेल आणि थंडी होतीच. छत्तीस वर्षं मी मुद्रितं तपासली. मजकूर गरजेपेक्षा लांबला की लिहिणाऱ्याला काहीतरी झाकायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि ही सोबतची दोन पत्रं बघ. माझ्या वाढदिवसाची. पहिलं ढब्बूने सात तारखेला लिहिलंय: ‘आत्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा. ती खुर्ची दुरुस्त करून घे, मोडली मी आहे तर खर्च माझा.’ दुसरं नऊ तारखेचं: ‘आत्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा. ती खुर्ची दुरुस्त करून घे, मोडली मी आहे तर खर्च माझा.’ एकही शब्द इकडचा तिकडे नाही. दोन्ही मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत बसले. दुसरं लिहिताना त्याला पहिलं लिहिल्याचं आठवत नव्हतं. यावर तुझं काय म्हणणं आहे?

परवाच्या सामन्यात पुन्हा. फार नाही, चेंडूच कानशिलावर बसला, पण तो डुलला. डॉक्टरीण आली. आणि या वेळी मी तिच्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होते. तिने विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आधी ढब्बूने डाव्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळात बघतात तसं. मैदानात कुणी घड्याळ घालत नाही. तिथे पांढरी पट्टी होती. मागच्या दोन सामन्यांच्या चित्रफिती शेजारच्या मुलीकडून लावून घेतल्या, त्यांतही तेच. काय आहे त्या पट्टीत?

मी त्या बाईला सरळ पत्र टाकतेय. तू लपवतोस की ती लपवते की दोघं मिळून, ते मला ठाऊक नाही. पण कुणीतरी माझ्या डोळ्यांत धूळ फेकतंय.

रात्री झोप लागत नाही, धाकट्या. डोक्याने चेंडू मारायला त्याला मीच शिकवलं. गच्चीच्या दांडीला दोरीने चेंडू बांधून शंभर-शंभर वेळा मारायला लावायचे. चुकला की पुन्हा एकपासून. वाहवा करायला सगळ्यांत पुढे मीच होते.

गोषवारा लिहायची आज इच्छा नाही.

ताई

---

१८ ऑक्टोबर

ताई,

डॉक्टरीणबाईंना पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस. टाकलं असशील तर आणखी टाकू नकोस.

पहिलं पत्र पेटीत टाकलं की नाही अशी त्याला शंका आली, म्हणून दुसरं लिहिलं. तुझ्या वाढदिवसाची एवढी आठवण ठेवली याचं कौतुक राहिलं बाजूला.

मनगटाला जुना मुरगळा आहे. पट्टी मीच बांधतो, दर सामन्याआधी, सामानखोलीत. त्यात काहीही नाही.

ढब्बूच्या आईला यातलं काही लिहू नकोस, तिला उगाच रक्तदाबाचा त्रास होतो.

मागच्या सामन्याचा गोषवारा तू पाठवला नाहीस. पाठव. इथल्या वर्तमानपत्रात गोल करणाऱ्यांची नावं नेहमी चुकतात, आणि ढब्बूला विचारलं तर तो नीट सांगत नाही.

धाकटा

---

२४ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

आपलं पत्र मिळालं. आपण खेळाडूच्या सख्ख्या आत्या असलात तरी त्यांच्या तब्येतीविषयी त्यांच्या परवानगीशिवाय मी आपल्याला काहीही सांगू शकत नाही. कृपया राग मानू नये.

आपण मैदानावरच्या तपासणीची पद्धत विचारली आहे, ती मात्र सांगण्यासारखी आहे. डोक्याला मार लागल्याचा संशय आला की मी ठरलेले पाच प्रश्न विचारते. आपण कुठल्या मैदानावर आहोत. कितवा हाफ चालू आहे. स्कोअर काय आहे. मागचा सामना कुणाशी झाला. आणि पाचवा, त्या सामन्यात शेवटचा गोल कुणी केला. पहिल्या तिन्हींची उत्तरं खेळाडूला समोरच्या फळ्यावर दिसतात आणि चौथं सहसा आठवतं. माझा भर पाचव्यावर असतो. डोक्याला खरंच मार बसला असेल तर माणूस बहुधा तिथे अडखळतो.

उत्तरं बरोबर आली, चालणं-बोलणं ठीक दिसलं, आणि खेळाडू म्हणाला मला काही होत नाही, तर नुसत्या शंकेवरून त्याला बाहेर काढायचा अधिकार या क्लबच्या नियमांनी मला दिलेला नाही. तो मिळावा म्हणून मी दोन वर्षं भांडते आहे. मात्र एक जरी उत्तर चुकलं तर मग कोच, मालक किंवा खुद्द खेळाडू काय म्हणतो, ते मी ऐकत नाही.

आपल्याला मनगटाविषयी जे दिसलं, ते मला बारकाईने दिसलेलं नाही. मी त्या वेळी खेळाडूच्या डोळ्यांत बघत असते.

आपली,
क्लबची डॉक्टर

---

२७ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

तुझं मागचं पत्र वाचून मी चिडले होते. आता राग गेला. विचार केला, माझं वय झालंय, दिवसभर एकटी असते, रिकामं डोकं सैतानाचं घर. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायची कामं येतात तेवढीच, उरलेल्या वेळात मी तुमच्यावर नजर ठेवते. तू तिथे त्याच्याजवळ आहेस. बापाला मुलाचं जास्त कळतं. मनगटाचं मी डोक्यातून काढून टाकलंय.

डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं. कोरडं, पण सभ्य. तब्येतीचं काही सांगता येत नाही म्हणाल्या. विषय संपला.

कालचा सामना छान झाला. ढब्बूला कुठे लागलं नाही, सगळा वेळ मी देवाचं नाव घेत होते. तुझे राहिलेले गोषवारे एकदमच देते. बाराचा सामना: रेल्वेवाल्यांशी, त्यांच्या मैदानावर, ०–२ हार, दोन्ही गोल त्यांच्या लांब केसवाल्याचे. एकोणीसचा: छावणीवाल्यांशी, आपल्याकडे, ३–० जीत, शेवटचा गोल कप्तानाचा. कालचा: गोदीवाल्यांशी, आपल्या मैदानावर, २–१ जीत. शेवटचा गोल आपल्या डावखुऱ्याचा, पेनल्टीवर, शेवटून चौथ्या मिनिटाला.

मोजे सापडले. तेल लावते.

तुझी ताई

---

६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

कशी आहेस? खुर्ची दुरुस्त करून घेतलीस का? मोडली मी आहे तर खर्च माझा.

मी घरी आहे आणि मला खूप राग आलाय, म्हणून तुलाच लिहितोय. बाबांशी बोलायला गेलं तर ते उठून दुसऱ्या खोलीत जातात.

तू रविवारी पाहिलंस ना? कॉर्नरवर त्यांच्या एकाचा गुडघा माझ्या कानामागे बसला. डॉक्टरीणबाई आल्या. मैदान सांगितलं, हाफ सांगितला, स्कोअर सांगितला. मागचा सामना गोदीवाल्यांशी, तेही सांगितलं. मग शेवटचा गोल कुणाचा. मी म्हणालो डावखुऱ्याचा. त्या म्हणाल्या पुन्हा सांग. मी पुन्हा डावखुऱ्याचाच सांगितला. त्यांनी हात वर केला आणि बदली खेळाडू मागितला. कोच शिव्या देत आत आला तर त्याला म्हणाल्या, तुमच्या आवाजाने याचं डोकं दुरुस्त होणार असेल तर अजून ओरडा.

पेनल्टी कप्तानाने घेतली होती, आत्या. सगळ्या गावाला माहीत आहे. मला सोडून.

तुला खरं सांगून टाकतो, तू रागावशील. गेल्या हंगामात दोनदा मार लागला, तेव्हापासून मागच्या सामन्याचं माझ्या डोक्यात टिकत नाही. खेळायला काही अडचण नाही. चेंडू आला की अंग आपोआप उडतं. फक्त मागचं पुसलं जातं. म्हणून मीच बाबांना सांगितलं की पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहून द्या, कुणाशी, किती, शेवटचा गोल कुणाचा. ते नको म्हणत होते. मी हट्ट धरला, दोन वर्षांचा करार मिळाला की संपलं म्हणालो. ते तुझ्या पत्रातून उतरवून घ्यायचे. पेपरवाले चुकतील पण ताई चुकणार नाही म्हणायचे. आणि नेमकी तूच चुकलीस. इतक्या वर्षांत एकदा चुकलीस ती हीच वेळ सापडली?

मोठ्या इस्पितळात नेलं. उभं करून डोळे मिटायला लावले तर मी पडलो. दहा शब्द ऐकवले आणि पाच मिनिटांनी विचारले, मला तीन आठवले. हा हंगाम संपला. पुढचं नंतर बघू म्हणतात, पण बघणारी माणसं अशी मान खाली घालून बोलत नाहीत. एक जण एवढंच म्हणाला की असाच अजून एक मार बसला असता तर ही तपासणी करायची वेळच आली नसती.

बायको म्हणते बरं झालं. मुलगी म्हणते बाबा आता रोज घरी. मी जिंकत होतो, आत्या.

बाकी ठीक. खुर्ची दुरुस्त करून घेतलीस का? मोडली मी आहे तर खर्च माझा.

ढब्बू

---

९ नोव्हेंबर

धाकट्या,

ढब्बूचं पत्र आलं. आता तुझ्यापासून काही लपवत नाही, आणि हे वाचून तू मला बहीण म्हणणं सोडलंस तरी माझी तक्रार नाही.

मी चुकले नव्हते. पेनल्टी कप्तानाने घेतली हे मी दोन डोळ्यांनी पाहिलं आणि हाताने डावखुऱ्याचं लिहिलं. तुला आठवतं, आठवीत इतिहासाच्या पेपरला तू डाव्या तळव्यावर सनावळ्या लिहून नेल्या होत्यास? दर प्रश्नाला घाम पुसल्यासारखं करून हात बघायचास. पट्टीकडे बघतानाची ढब्बूची मान अगदी तशीच. तरी मला नक्की कळत नव्हतं. तू स्वतः लिहिलंस, पट्टी मीच बांधतो, आणि त्याच पत्रात, भांडण चालू असताना, माझ्याकडे गोषवारा मागितलास. ज्याला गोल पायांच्या आवाजावरून कळतात त्याला शेवटचा गोल कुणाचा याची एवढी घाई कशाला? मग डॉक्टरीणबाईंच्या पत्रात पाचवा प्रश्न वाचला आणि सगळं जुळलं. वर्षभर त्याची उत्तरं मीच पुरवत होते. इथे स्टुलावर बसून, सुवाच्य अक्षरात, मिनिटासकट.

सरळ त्या बाईंना का नाही कळवलं म्हणशील. कळवलं असतं तर तुझी नोकरी गेली असती आणि ढब्बूचं नाव लबाड म्हणून छापून आलं असतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही माझा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला नव्हता. मला वाटलं, पत्र दाबून टाकतील. म्हणून मी त्यांची परीक्षाच घेतली. उत्तर चुकलं तर त्या बोललेलं पाळतात का, ते पाहायचं ठरवलं. त्यांनी पाळलं. त्यांच्याबद्दल जे जे बोलले ते मी मागे घेते.

पण तेवढ्याने माझी सुटका होत नाही. चुकीचं उत्तर लागायला आधी मार बसावा लागतो. तो रविवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. चेंडू वर गेला की मी टीव्हीच्या काचेवर हात ठेवायचे, जणू माझ्या हाताने तो अडणार होता. गुडघा बसला तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. परत आले तेव्हा बदली खेळाडू मैदानात उतरत होता आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

तुझ्या मुलाचं काम मी घालवलं. तुला विचारलं नाही, सांगितलं नाही, गोड बोलून फसवलं. तू काय म्हणशील ते मला मान्य आहे.

ताई

---

१४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरतोय.

त्या रविवारी, गोदीवाल्यांच्या सामन्याला, मी बुटांचं काम सोडून उठलो होतो. अठरा वर्षांत पहिल्यांदा. तू पाठवलेली ती दोन सारखी पत्रं मला स्वस्थ बसू देईनात. बोगद्याच्या तोंडाशी, जिथून खेळाडू आत येतात, तिथे मी शेवटपर्यंत उभा होतो, फक्त ढब्बूकडे बघत. पेनल्टी माझ्यासमोर झाली, पंधरा पावलांवर. कप्तान आला, चेंडू ठेवला, मारला. डावखुरा तेव्हा पायात गोळा आला म्हणून बाहेर बाकावर बसला होता. त्याच्या पोटरीला बर्फ मीच आणून दिला होता.

तीन दिवसांनी तुझं गोड पत्र आलं. डावखुऱ्याचं नाव वाचलं. आधी वाटलं ताईचंही वय झालं. मग पुन्हा वाचलं. माझी ताई औषधाच्या लेबलावरचं टिंब सोडत नाही, ती पेनल्टी कुणी मारली यात चुकेल? आणि ‘बापाला मुलाचं जास्त कळतं’ असं माझी ताई कधी लिहील? चौथ्या वेळेला तू काय केलं आहेस ते मला कळलं.

पुढच्या रविवारी सकाळी ढब्बू माझ्यासमोर बाकावर बसला, डावा हात पुढे केला. पट्टी कापली, पेन घेतलं. खरं नाव मला माहीत होतं, ताई. पेनाच्या टोकाशी होतं. मी वर्षभर त्याला नाही म्हणू शकलो नाही. तो तोंडाने हट्ट करायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे बघून विरघळायचो. बाप म्हणून जे मला एकदाही जमलं नाही ते तू एका ओळीत लिहून दिलं होतंस. मी ते तसंच उतरवलं. डावखुरा. माझ्या हातून अक्षर वाकडं आलं. त्याला वाटलं थंडी आहे. मी म्हणालो, हो, थंडीच.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाकावर बसवलं, कात्रीने पट्टी कापली, आतून वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. पट्टी कोटाच्या खिशात टाकली. कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या दिवसापासून सगळ्यांच्या पट्ट्या त्या स्वतः बांधतात, आणि पाचवा प्रश्न दर सामन्याला बदलतात.

एकच मागणं आहे. ढब्बूला यातलं काही सांगू नकोस. बापाने जाणूनबुजून हातावर खोटं लिहिलं हे आज त्याला सोसायचं नाही. त्याला वाटू दे की आत्या चुकली. तुझ्यासारखीला हे मागणं किती अवघड आहे ते मला कळतं. पण तुझ्यावर तो फार दिवस रागावू शकणार नाही, माझ्यावर रागावेल.

धाकटा

---

१७ नोव्हेंबर

चिरंजीव ढब्बू,

तुझं पत्र पोचलं. रागावलास ते बरोबर आहे. गोल कप्तानाचा होता आणि मी डावखुऱ्याचा लिहिला. छत्तीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती, आता झाली. वय झालं, डोळे दगा देतात. पत्र टाकण्याआधी पुन्हा वाचायला हवं होतं, तेही केलं नाही. तुझ्या बाबांना यात बोल लावू नकोस, त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

थंडी संपली की मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला ये. गच्चीवरची ती दांडी मी काढून टाकलीये.

खुर्ची दुरुस्त झाली. सुताराने मागचे दोन्ही पाय बदलले, आता तुझ्या वजनालाही टिकेल म्हणतो. विसरलास तर पुन्हा विचार, मी पुन्हा सांगेन.

तुझी आत्या